धूर दिसत नाही, म्हणून हवा चांगली झाली का?

खोपटच्या एसटी स्टँडबाहेर सकाळी साडेआठला उभे राहून पाहा. एखादी जुनी लाल गाडी इंजिन चालू ठेवून उभी असते आणि मागून काळा धूर सोडत असते. समोर रिक्षांची रांग असते. दोन-दोन हात पुढे सरकायचे म्हणून निम्म्यांची इंजिने चालूच. मध्येच विजेवरची एक बस आवाज न करता निघून जाते. वस्तीतल्या बायकांना मी विचारले, यातली जास्त वाईट गाडी कोणती? सगळ्यांनी लाल गाडीकडे बोट दाखवले. रिक्षाकडे कोणीच नाही. "ती गॅसवर चालते ना ताई, तिला धूरच नसतो."

हे अर्धे खरे आहे. जे खरे आहे ते आधी सांगते, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की आरोग्याच्या पानावर सीएनजीविरुद्ध लिहून रिक्षावाल्यांच्या पोटावर पाय दिला.

चाळिशीच्या पुढच्या माणसांना जुन्या दोन-स्ट्रोक रिक्षा आठवत असतील. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावे लागे. ते ऑइल अर्धवट जळायचे आणि मागून निळसर धूर निघायचा. त्यात कोणी रॉकेलची भेसळ केली असेल तर मागच्या माणसाचे डोळेच चुरचुरायचे. दिल्लीत एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै 1998 मध्ये आदेश दिला की शहरातल्या सगळ्या बस सीएनजीवर आणा. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात धुराने त्रासलेल्या रहिवाशांची याचिका आली. पुढे मुंबईच्या टॅक्सी आणि मग आपल्याकडच्या रिक्षा गॅसवर आल्या. काळा-निळा धूर कमी झाला तो यामुळे. डिझेलचा धूर ही तर साधी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकले. माणसाला कर्करोग होतो याचा पक्का पुरावा ज्याच्याबद्दल आहे, त्याचाच हा गट. तंबाखूही त्याच गटात आहे. डिझेलच्या जागी गॅस आला, तर छातीचा फायदाच झाला. यात वाद नाही.

आता उरलेले अर्धे.

सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो पूर्ण जळला तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उरते, काजळी जवळजवळ होत नाही. म्हणून धूर दिसत नाही. पण इंजिनात जळतो तो नुसता गॅस नाही, त्याच्यासोबत हवाही आत ओढली जाते. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे. इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत हा नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी जोडले जातात आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड फुफ्फुसाला त्रास देतो. टाकीत पेट्रोल असो, डिझेल असो, इथेनॉल असो की गॅस, आत ओढली जाणारी हवा तीच. म्हणजे जोवर इंजिनात काही जळते आहे, तोवर हा वायू तयार होतच राहणार. गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तो बराच कमी करतो, पण कन्व्हर्टर चांगला असेल आणि इंजिनाचे ट्यूनिंग नीट असेल तरच.

नसेल तर काय होते, ते ऑगस्ट 2024 मध्ये समोर आले. आयसीसीटी या संस्थेने दिल्ली आणि गुरुग्रामच्या रस्त्यांकडेला यंत्रे लावून जाणाऱ्या गाड्यांचा धूर तपासला होता. एक लाखाहून जास्त नोंदी घेतल्या. गाडी थांबवायची नाही, चालकाला कळूही द्यायचे नाही, प्रकाशाचा झोत सायलेन्सरमागच्या हवेतून आरपार जातो आणि काय काय निघते आहे ते मोजतो. त्यात सीएनजीवरचे काही मालवाहू टेम्पो प्रयोगशाळेतल्या मर्यादेपेक्षा 14 पटीपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडताना सापडले. सीएनजी टॅक्सी सुमारे चार पट. आकडे दिल्लीचे आहेत, पण टेम्पो त्याच कंपन्यांचे, तसेच माल लादलेले, तसेच दिवसरात्र पळणारे. आपल्या जुन्या आग्रा रोडवरून जाणारे वेगळे असतील, असे मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

"पण ताई, पीयूसी आहे ना?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. आहे. पेट्रोल किंवा सीएनजीच्या गाडीच्या पीयूसीत नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेला हायड्रोकार्बन मोजतात, तेही गाडी जागेवर उभी असताना. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजतच नाहीत. म्हणजे पीयूसीचा कागद खरा असला, फोटो काढून पैसे देऊन आणलेला नसला, तरी ज्या वायूबद्दल मी लिहिते आहे त्याचे नावही त्या कागदावर नसते.

नायट्रोजन डायऑक्साइड शरीरात काय करतो? श्वासनळीच्या आतल्या अस्तराला सूज आणतो. निरोगी मोठ्या माणसाला एखाद्या दिवशी काही जाणवणार नाही. ज्याला दमा आहे त्याची नळी आधीच चिडकी असते, ती आणखी आवळते. लहान मुलांची फुफ्फुसे अजून वाढत असतात. रहदारीच्या रस्त्यालगत राहणाऱ्या मुलांमध्ये दमा जास्त आढळतो, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. सर्दी झाली की ती छातीत उतरते आणि लवकर जात नाही. हाच वायू उन्हात इतर वायूंशी मिळून ओझोन तयार करतो, तोही छातीला तितकाच वाईट. आपल्या देशात नायट्रोजन डायऑक्साइडची वर्षभराची मर्यादा एका घनमीटर हवेत 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये तीच 10 वर आणली. आपल्या मर्यादेत बसणारी हवासुद्धा त्यांच्या हिशेबाने चौपट खराब असू शकते.

याशिवाय दोन गोष्टी. कॅलिफोर्नियात सीएनजी बसच्या तपासण्या झाल्या, तेव्हा कन्व्हर्टर नसलेल्या बसमधून फॉर्मल्डिहाइड बरेच निघते असे दिसले. हे नाव दवाखान्यात काम केलेल्यांना माहीत आहे, फॉर्मलीन म्हणजे त्याचेच पाण्यातले द्रावण. तेही कर्करोगाच्या त्याच पहिल्या गटात आहे. दुसरे, इंजिन झिजले की ते ऑइल खाते. ते ऑइल जळून इतके बारीक कण होतात की डोळ्याला दिसत नाहीत, नाकालाही कळत नाहीत, पण फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. रिक्षावाला दादा म्हणतो, "गाडी ऑइल मागते हल्ली, बाकी काही नाही." ते मागितलेले ऑइल कुठे जाते, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारावा, कारण सगळ्यात जवळ तोच बसलेला असतो.

आता कार्बन मोनॉक्साइड. याबद्दल जरा थांबून सांगते, कारण बाकीचे वायू वर्षानुवर्षे झिजवतात, हा एका रात्रीत जीव घेतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. मग रक्त फिरत राहते पण ऑक्सिजन पोहोचवत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, झोप येते. घरात एकाच वेळी दोघा-तिघांना असे झाले तर लोक म्हणतात, रात्रीचे काही खराब खाल्ले. इथेच वेळ जातो. आणि एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. कोरोनापासून बऱ्याच घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. तो या विषबाधेत फसवतो. मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेल्या रक्तासारखेच दिसते, म्हणून माणूस गुंगीत असतानाही आकडा 97, 98 दाखवतो. आकड्यावर जाऊ नका. माणसाला उघड्या हवेत आणा आणि ताबडतोब रुग्णालयात न्या, जाताना "बंद जागेत गाडी चालू होती" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला की तो वायू रक्तातून साधारण दीड तासात निम्मा होतो. साध्या हवेत त्याला चार-पाच तास लागतात.

हे कुठे होते? पावसात शटर खाली ओढून आत इंजिन चालू ठेवणाऱ्या गॅरेजमध्ये. गाडीचा एसी लावून काचा बंद करून झोपणाऱ्या ड्रायव्हरला, आणि गाडी बंद शेडमध्ये किंवा सायलेन्सर गळका असेल तर हमखास. सीएनजी गाडी आहे म्हणून हा धोका नाही, असे समजू नका. आपल्या वस्तीतली किती तरी पोरे गॅरेजमध्ये कामाला आहेत. त्यांच्या आईने त्यांना एवढे एक विचारावे, शटर उघडे असते की बंद?

इथेनॉलबद्दल हल्ली वाद आहे, पण तो मायलेजचा आणि इंजिन खराब होण्याचा. श्वासाचा कोणी काढत नाही. फेब्रुवारी 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल यायला लागले आणि 2025 पर्यंत ते जवळजवळ सगळीकडे झाले. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात लिहिले आहे की या पेट्रोलमुळे दुचाकींचा कार्बन मोनॉक्साइड 50 टक्के आणि चारचाकींचा 30 टक्के कमी होतो, हायड्रोकार्बन 20 टक्के कमी होतात. चांगली गोष्ट आहे. त्याच अहवालात पुढे असेही आहे की नायट्रोजन ऑक्साइडमध्ये ठरावीक असा फरक दिसला नाही आणि ॲसिटाल्डिहाइड साध्या पेट्रोलपेक्षा जास्त निघते, जरी एकूण प्रमाण कमीच असले तरी. ॲसिटाल्डिहाइडने डोळे आणि घसा चुरचुरतो. दारू पिणाऱ्याच्या शरीरात दारूपासून तयार होते तेच हे.

ब्राझील हा देश 1975 पासून उसाच्या इथेनॉलवर गाड्या चालवतो. तिथल्या साओ पावलो शहरात भाव बदलले की लोक इथेनॉल सोडून पेट्रोल भरत, पुन्हा भाव बदलले की परत इथेनॉल. अभ्यासकांनी त्याचा फायदा घेऊन हवा मोजली. लोक पेट्रोलकडे वळले तेव्हा ओझोन सुमारे 20 टक्के कमी झाला. म्हणजे पेट्रोल बरे? नाही, कारण त्याच शहरात पेट्रोलकडे वळल्यावर अतिसूक्ष्म कण सुमारे 30 टक्के वाढले. एक कमी झाले की दुसरे वाढते. जाहिरातीत मात्र एकच बाजू असते.

बायोडिझेलचे तसेच. डिझेलमध्ये 20 टक्के मिसळले की काजळी थोडी कमी होते आणि नायट्रोजन ऑक्साइड किंचित वाढतो. त्यातही हायवेला बायोडिझेल म्हणून भलतेच औद्योगिक तेल विकले जाते, त्याच्या धुराचा तर हिशेबच नको.

राहिली वीज. 2024 च्या फेब्रुवारीत एसटीच्या विजेवरच्या बस याच खोपट स्थानकातून सुरू झाल्या, बोरिवली-ठाणे-नाशिक मार्गावर. मला त्यांचा आनंदच आहे. मागे सायलेन्सर नाही, स्टँडवर उभ्या असलेल्या बाईच्या तोंडावर काही येत नाही. टायर आणि रस्ता घासून उडणारी धूळ राहते, तेवढी सोडली तर वस्तीच्या दृष्टीने हीच सगळ्यात चांगली गाडी. पण ती वीज येते कुठून? महाराष्ट्राची बरीच वीज अजून कोळशाची आहे. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचे, नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा आहेत. तिथे चिमणीखाली कोणाच्या वस्त्या आहेत, हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. आपल्या दारातला धूर नातेवाइकांच्या दारात गेला, एवढ्यावर समाधान मानायचे नाही. विजेची गाडी मागायची, तर सूर्याची-वाऱ्याची वीजही मागायची.

जाता जाता, विजेच्या स्कूटरवर डिलिव्हरी करणाऱ्या मुलांसाठी: बॅटरी रात्री घराच्या दाराशी चार्जिंगला लावू नका. लिथियमची बॅटरी पेटली तर त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असते, आणि बाहेर पडायची वाट तीच अडवते. एका खोलीच्या घरात जागा नसते हे मला कळते, पण निदान सगळे जागे असताना लावा आणि पूर्ण झाली की काढा.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विचारले की मुंबईत डिझेल-पेट्रोलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करून फक्त सीएनजी आणि विजेच्या ठेवता येतील का. त्यावर राज्य सरकारने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. ती मुंबई महानगर प्रदेशासाठी आहे, म्हणजे ठाणे, कल्याण-डोंबिवलीसकट. बातम्या आल्या, चर्चा झाली ती गाडी घेणाऱ्यांची. कोणती गाडी परवडेल, जुनीचे काय करायचे. सायलेन्सरच्या मागे कोण उभे असते, ही चर्चा फारशी झाली नाही.

कोण उभे असते? शेअर रिक्षाच्या रांगेत दहा-बारा तास बसलेला चालक. त्या रांगेशेजारी वडापावची गाडी लावणारी ताई. बोट धरून शाळेत निघालेले पोर, ज्याचे नाक नेमके सायलेन्सरच्या उंचीवर येते. रस्त्याला लागून असलेल्या पहिल्या ओळीतली घरे. वाहनांचा धूर रस्त्याच्या कडेला सगळ्यात दाट असतो आणि पहिल्या काही मीटरांतच झपाट्याने विरळ होतो, दीडशे ते तीनशे मीटरवर गेले की बाकी शहरासारखाच होतो. म्हणून शहराच्या हवेचा सरासरी आकडा मोबाइलवर पाहून आपल्या वस्तीचे काही कळत नाही. यंत्र एखाद्या इमारतीच्या गच्चीवर असते, आपण रस्त्यावर असतो.

मात्र याच कारणाने थोड्याशा हलण्यानेही फरक पडतो. वडापावची गाडी रांगेच्या शेपटाऐवजी पाच-सहा मीटर आत, वारा येतो त्या बाजूला लावता आली तर लावा. मुलांना नेताना त्यांना रस्त्याच्या आतल्या बाजूला धरा, आणि जिथे गल्लीतून वाट आहे तिथे मोठा रस्ता टाळा, पाच मिनिटे जास्त लागली तरी. रस्त्याकडची खिडकी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बंद आणि दुपारी उघडी ठेवा, पण स्वयंपाक चालू असताना कुठली तरी एक खिडकी उघडी हवीच. कापडी मास्कने वायू अडत नाही. एन-95 ने बारीक कण अडतात, वायू त्यानेही नाही.

रिक्षावाल्या दादांना माझे सांगणे वेगळे आहे. रांगेत इंजिन बंद करा, गॅसही वाचतो. एअर फिल्टर आणि प्लग वेळेवर बदला. ऑइल कमी होत असेल तर रिंगा दाखवून घ्या. कन्व्हर्टर काढून टाकला की पिकअप वाढतो, असे कोणी मेकॅनिक सांगेल, त्याचे ऐकू नका. गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करायची असते, ती चुकवू नका, कारण त्या टाकीत गॅसचा दाब 200 बारचा असतो. युनियनच्या मीटिंगमध्ये स्टँडवर नंबर पुढे सरकवण्याची काही वेगळी पद्धत लावता येईल का, यावर बोला. हाताने ढकलून पुढे घेणारे चालक मी काही स्टँडांवर पाहिले आहेत.

आणि एक आपल्याच घरचे. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या ट्रकवर डिझेलचा जनरेटर असतो, त्याच्या मागे आपलीच लेकरे सहा-सहा तास नाचतात. डिझेल पहिल्या गटात आहे हे वर लिहिलेच आहे. जनरेटर ट्रकच्या मागे न ठेवता वेगळ्या गाडीवर, गर्दीच्या पुढे अंतर ठेवून नेता येतो. मंडळांनी ठरवले तर एका बैठकीचे काम आहे.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, तर तो रिक्षाच्या धुराचा आहे की बिडीचा, हे स्वतः ठरवू नका. आधी थुंकी तपासा, टीबीची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. टीबी निघाला नाही तर तिथेच थांबू नका. बहुतेक जण तिथेच थांबतात, खोकल्याचे औषध घेतात आणि पुन्हा गाडीवर बसतात. डॉक्टरांना सांगा की मी इतकी वर्षे रिक्षा चालवतो किंवा रस्त्यावर धंदा करतो, आणि स्पायरोमेट्री म्हणजे फुंकर मारायची तपासणी मागा. एका यंत्रात जोरात फुंकायचे असते, सुई टोचायची नसते, रक्त काढायचे नसते. नळी किती आवळली आहे ते त्यातून कळते. इन्हेलर लिहून दिला तर "पंपाची सवय लागते" म्हणून तो कपाटात ठेवू नका. सवय लागत नाही. तोंडातून घेतलेले औषध थेट नळीत जाते, म्हणून गोळीपेक्षा ते कितीतरी कमी लागते. घेतल्यावर चूळ भरा.